दंडावरचं लॅटिन आणि आजीच्या हातावरचं नाव

मंडळी, आज रस्ते, पाणी, टँकर, अनुदान यातलं काही नाही. आजचा विषय घरचा आहे. पण भरतीची तयारी करणारं पोरगं आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली आहे, म्हणून तो तुमच्याही घरचा असू शकतो. थोडं लांबलंय, सवडीनं वाचा.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. ‘मामा, टॅटू काढायला किती पैसे लागतील?’

मी म्हटलं, ‘एक आहे ना दंडावर. आता आणखी कशाला?’

‘आणखी नाही. आहे तो काढायचाय. घालवायचाय.’

पोरगा वीस वर्षांचा. पहाटे चारला उठून डांबरीवर पळतो. अग्निवीरचं आता आधी ऑनलाइन पेपर आणि मग ग्राउंड, मेडिकल असं झालंय. याचा पेपर निघाला. घरात पेढे वाटून झाले. आणि दुसऱ्या दिवशी अकादमीतल्या सरांनी बनियनवर पळताना त्याचा दंड पाहिला आणि कपाळाला हात लावला.

नियम असा आहे : कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, म्हणजे हाताच्या आतल्या अंगाला, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला कायमचा टॅटू चालतो. अंगावर बाकी कुठंही चालत नाही. आदिवासी समाजाच्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सवलत आहे. भाच्याचा टॅटू दंडावर, बाहेरच्या बाजूला.

आता माझी लाज सांगतो. नगर म्हणजे फौजेचं गाव. आर्मर्ड कोरचं सेंटर आणि स्कूल इथं, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथं, 1994 पासून रणगाड्यांचं म्युझियम इथं. वीस वर्षं पत्रकारितेत काढली, भरतीच्या बातम्या किती केल्या त्याला गणती नाही. किती पोरं आली, किती पळाली, कुणाला चक्कर आली, सगळं छापलं. टॅटूचा नियम मात्र एकदाही चौकटीत टाकला नाही. टाकला असता तर निदान घरातल्या पोराला कळला असता.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन सावेडीतल्या एका टॅटूवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, ‘साहेब, आम्ही काढतो, घालवत नाही. घालवायला कातडीच्या डॉक्टरकडं जा, लेझर करतात.’ गिऱ्हाईक बसलेलं होतं, आम्हीही टेकलो. सवयीनं विचारपूस सुरू केली.

‘आई’ सगळ्यात जास्त, मग महादेव, त्रिशूळ, राजमुद्रा. लॅटिनवालीही येतात अधूनमधून. मोबाइलवर फोटो आणतात, तसंच्या तसं उतरवायचं. मी विचारलं, ‘तुला वाचता येतं?’ हसला. ‘मला नाही, त्यांनाही नाही. पण अर्थ मात्र प्रत्येकाला पाठ असतो.’

समोर बसलेला जिमचा ट्रेनर होता, पाथर्डीकडचा. मनगटाच्या वर ‘वेनी, विदी, विची’. आलो, पाहिलं, जिंकलं. इसवी सनपूर्व 47 मध्ये आजच्या तुर्कस्तानात झेलाची लढाई मारल्यावर ज्युलियस सीझरनं ही तीन शब्दांची बातमी धाडली, असं सांगतात. (आमच्या संपादकांना असाच बातमीदार हवा असतो.) हा म्हणाला, ‘आईबाप ऊसतोडीला जायचे. कोयत्यामागं फिरत सहावीपर्यंत चार शाळा झाल्या. नगरला आलो, ही झाली वेनी. सगळं पाहिलं, विदी. विची अजून व्हायचीय, पण लिहून ठेवलीय.’

गोंदवून घ्यायला आलेली मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. तिला हवं होतं ‘आलिस वोलात प्रोप्रिइस’. ती आपल्याच पंखांनी उडते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचं हे ब्रीदवाक्य. मी म्हटलं, मराठीत का नाही लिहीत? ती म्हणाली, ‘काका, मराठीत लिहिलं की सगळे वाचतात. कुठं उडणार, कुणाबरोबर उडणार, लग्नाचं काय, शंभर प्रश्न. हे कुणी वाचत नाही. माझं माझ्याजवळ राहतं.’

हे ऐकून भाचा खाली बघायला लागला.

बाहेर चहा घेताना त्याला पहिल्यांदा विचारलं, ‘तुझ्या दंडावर काय लिहिलंय रे?’ दोन वर्षं ते मी रोज पाहत होतो. पोरांची फॅशन म्हणून सोडून दिलं होतं.

‘दुम स्पीरो स्पेरो.’

‘म्हणजे?’

‘श्वास आहे तोवर आशा आहे.’

पुढं मला विचारावं लागलं नाही. एप्रिल 2021. माझे दाजी, म्हणजे याचे वडील, अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. बेडसाठी आम्ही किती फोन केले, सिलिंडरसाठी कुठंकुठं फिरलो, ते आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो. हा तेव्हा सोळा वर्षांचा. बहीण पॉझिटिव्ह, घरात एकटी पडून. हा रोज संध्याकाळी तिला फोन करून एकच सांगायचा : श्वास चालूय, होईल बरं. बाराव्या दिवशी सांगायला काही उरलं नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर यानं टॅटू काढला. ‘मराठीत काढला असता तर आईनं रोज वाचला असता मामा. भाकरी वाढताना माझा दंड तिच्या डोळ्यांसमोर येतो.’

मला माझी आजी आठवली. तिच्या हाताच्या आतल्या बाजूला तुळस गोंदलेली, शेजारी विंचू आणि खाली आजोबांचं नाव. जत्रेत गोंदणारणीसमोर बसून सुईनं टोचून घेतलेलं. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काळी नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, उखाण्यातच घ्यायचं. म्हणजे जे नाव तिला उच्चारायची मुभा नव्हती आणि वाचताही येत नव्हतं, ते तिनं आयुष्यभर हातावर वागवलं. आजोबा गेल्यावर कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढलं. गोंदण कुणाला काढता आलं नाही. ती म्हणायची, वर जाताना एवढंच बरोबर येतं बाबा, बाकी सगळं इथंच.

न कळणाऱ्या भाषेत जीव ठेवायची आपल्याकडं जुनी सवय आहे. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तिथले एक निवृत्त गुरुजी माझ्या ओळखीचे. ते सांगतात, ‘आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमधून व्हायची. एक अक्षर कळायचं नाही, पण आई रडायची आणि हलकी होऊन घरी यायची.’ 1960 च्या दशकात व्हॅटिकनच्या परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. अर्थ कळायला लागला. गुरुजींना तरी सूर जुनाच आठवतो.

आणि लॅटिनला परकं तरी कशाला म्हणायचं? शाळेतून ‘बोनाफाईड’ आणतो, ते लॅटिन, अर्थ ‘सद्भावनेनं’. तहसीलबाहेर ‘अॅफिडेव्हिट’ करतो, तेही लॅटिन, ‘त्यानं शपथेवर सांगितलं’. ग्रामसभा ‘कोरम’अभावी तहकूब होते, तोही लॅटिनच. ही सगळी लॅटिन आपण सरकारला दाखवायला वापरतो. पोरांनी तीच भाषा कुणाला न दाखवता काही जपायला घेतली, एवढाच फरक. त्यांना ‘वाया गेलेली पिढी’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. ते शब्द मागं घेतो.

आता बहिणीला सांगणं आलं. लेझर एका बैठकीत होत नाही, पाच-सहा बसावं लागतं, मध्ये महिना-दीड महिना जाऊ द्यावा लागतो, खर्च गोंदण्यापेक्षा कितीतरी जास्त. एवढे पैसे लपून कसे काढणार? त्यानंच सांगितलं, मी शेजारी बसून होतो.

ती आधी म्हणाली, ‘मला वाटलं कुण्या पोरीचं नाव आहे. दोन वर्षं वाट बघत होते, कधी सांगतोस म्हणून.’ आम्ही तिघंही हसलो. मग तिनं अर्थ विचारला. त्यानं सांगितला. ती उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता.

बाहेर आली तेव्हा एवढंच बोलली : ‘तुझ्या बापाला फौजेत जायचं होतं. छातीत एक इंच कमी पडला. काढून टाक.’

परवा पहिली बैठक झाली. अक्षरं अजून आहेत, कडा पुसट झाल्यात. पोराचं तोंड उतरलेलं होतं. वडिलांच्या आठवणीसाठी जे लिहिलं, तेच वडिलांच्या इच्छेसाठी पुसायचं. याला कुठल्या भाषेत समजूत घालायची, मला सुचलं नाही. मेडिकलला काय होईल तेही आज सांगता येत नाही. डाग राहिला तर तोही डॉक्टर बघतील.

तयारी करणाऱ्या पोरापोरींना हात जोडून सांगणं : टॅटूच्या आधी भरतीची जाहिरात पूर्ण वाचा. प्रत्येक दलाचा नियम नीट बघा. सुई नवीन आहे का, हे डोळ्यांनी बघा. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. अकादमीवाल्यांनो, फी घेताना पहिल्याच दिवशी पोरांचे दंड बघा, पेपर निघाल्यावर नको.

आणि आईबापांनो, मामा-काकांनो, पोराच्या अंगावर काही लिहिलेलं दिसलं तर ओरडायच्या आधी एकदा विचारा, काय लिहिलंय. मी दोन वर्षं उशिरा विचारलं.

निघताना भाचा म्हणाला, ‘मामा, हाताच्या आतल्या बाजूला चालतं ना? भरती झालो की तिथं काढीन.’ म्हणजे आजीचं नाव होतं तिथंच. मी म्हटलं, ‘आधी ग्राउंड काढ. मग बघू.’

तुमच्या आजीच्या हातावर काय गोंदलेलं होतं? आठवत असेल तर खाली लिहा. वाचतोय.