तंजावरचे रुमाल

पवईत आमच्या मजल्यावर एक तंजावरी मराठी आजी राहतात. चेन्नईला निघालोय म्हणताच त्यांनी बजावलं, ‘‘तसेच खाली तंजावरला जा. आधी मोठं देऊळ, मग लायब्ररी.’’ हा क्रम पाळला ते बरं झालं. राजराज चोळाच्या हजार वर्षांच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास चक्क मराठीत कोरलाय, 1803 सालचा. शेजारून तमिळ शाळकरी पोरांची रांग पुढे सरकत होती आणि मी अक्षरं लावत उभा.

लेख कोरवून घेतला दुसऱ्या सरफोजीराजांनी. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी उभारलेली तंजावरची गादी सरफोजींच्या काळात नावापुरती उरली. 1799मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कारभारच काढून घेतला. हाती राहिला किल्ला आणि तनखा. दुसऱ्या एखाद्याने तो नाचगाण्यात उडवला असता. या राजाने पोथ्या, नकाशे, युरोपातली पुस्तकं जमवली, छापखाना काढला, काशीला पंडितांकडून ग्रंथ उतरवून घेतले. डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसह लिहिलेल्या नोंदीसुद्धा त्याच्या संग्रहात आहेत.

देवळापासून राजवाडा जवळच. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात ताडपत्रांच्या शेजारी लब्रन या फ्रेंच चित्रकाराची चित्रं लावलीत: एक माणसाचा चेहरा, शेजारी त्याच्याशी जुळणारा जनावराचा. पोरंटोरं तिथेच जास्त रेंगाळतात. खरी दौलत मात्र आत, कापडात बांधलेली. कसर लागू नये म्हणून वेखंड, कलौंजी, लवंग, दालचिनी, मिरी आणि कापूर यांची पूड पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवायची, ही इथली जुनी रीत. आपल्या आज्यांनी पैठण्या अशाच तर जपल्या!

1855मध्ये सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनीने राज्य तर खालसा केलंच, वाड्यातली खासगी चीजवस्तूही ताब्यात घेतली. त्यांच्या राणी कामाक्षीबाई लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढल्या. 1859मध्ये निकाल लागला: हे सरकारी कृत्य, त्यात कोर्टाला पडता येत नाही. अशा लुटालुटीतून ग्रंथालय तेवढं वाचलं आणि 1918मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. जपानने 1879मध्ये बुडवलेल्या रिउक्यू (आजचं ओकिनावा) राज्याच्या शो घराण्याची गोष्टही जवळपास अशीच. 1945च्या लढाईत ओकिनावात होतं नव्हतं ते जळालं. टोकियोला नेलेले कागद, वस्त्रं तेवढी तगली, आणि वंशजांनी ती नाहा शहराला देऊन टाकली.

तंजावरला आग लागली नाही, पण वाचणारे आटले. इथे मोडी लिपीतल्या कागदांचे शेकडो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. त्यातल्या बऱ्याच कागदांचं भाषांतर इथल्याच तमिळ विद्यापीठाने करून छापलं, अर्थात तमिळमध्ये. म्हणजे भोसल्यांचा मुदपाकखाना, दवाखाना, देवळांचा खर्च आज तमिळ माणसाला मराठी माणसापेक्षा सहज वाचता येतो. आपल्याकडे मोडीचे वर्ग भरतात, प्रमाणपत्रंही वाटली जातात. त्यातल्या चार जणांनी तरी इकडची गाडी पकडावी.