तिसरी नक्कल

अजिंठ्याची सहल आमच्या शाळेतल्या सगळ्याच पालकांना परवडत नाही. जी मुलं जाऊन येतात, तीही अंधारात, गर्दीतून पुढे सरकत चित्रं जेमतेम पाहतात. म्हणून चित्रकलेच्या तासाला मी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या वेबसाइटवरचा अजिंठा प्रोजेक्टरवर लावतो. ज्यांच्यामुळे तो लावता येतो, त्यांचं ऋण माझ्यावर आहे.

ती माणसं म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. 1872 ते 1885 या काळात शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली त्यांनी लेण्यांत बसून सुमारे 300 प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. बाकीच्या बहुतेकांची नावं आज कुणाच्या तोंडी नाहीत. लंडनला पोचलेल्या कितीतरी प्रतिकृती 1885 च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृतीही 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. एवढ्यातून जे वाचलं, ते आमच्या वर्गाच्या भिंतीवर उमटतं.

एक सल मात्र आहे. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळी मूळ चित्रांवर व्हार्निश फासलं गेलं आणि पुढे ते पिवळं पडलं. ज्यांनी चित्रं आपल्यापर्यंत पोचवली, त्यांच्याच कामात भिंतीचं नुकसानही झालं. मुलांना मी दोन्ही सांगतो.

पडद्यावर एका बाजूला जुनी प्रतिकृती आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागेचा आजचा फोटो ठेवला, की मला फारसं बोलावं लागत नाही. पहिल्या लेण्याच्या छताचे चौकोन मुलांना सर्वांत आवडतात: कमळं, फळं, वेली. कुठला देठ पुसट झाला, कुठली पाकळी गेली, हे मुलं पडद्यापाशी जाऊन बोटानं दाखवतात. मग मी माती आणि तुसाच्या गिलाव्याबद्दल सांगतो, आणि तो का सुटतो तेही.

पण जे. जे.च्या त्या विद्यार्थ्यांकडून मी शिकलो ते वेगळंच. गिलावा पडलेल्या जागी त्यांनी मनानं काही भरलं नाही. पोपडा निघालेला डागही पाकळीइतक्याच निगुतीनं रंगवला. त्या वयात हात शिवशिवत असतील, चेहरा पुरा करण्याची ताकदही बोटांत असेल. तरी ते थांबले. चित्रकलेच्या शिक्षकाला याहून मोठा धडा कुठला मिळणार?

आता वर्गात आमची नक्कल होते, तीही याच शिस्तीत. नसलेलं काढायचं नाही. चित्राखाली तीन ओळी लिहायच्या: पहिलीत ‘मूळ: अजिंठा, लेणे क्रमांक 1’, दुसरीत ‘प्रतिकृती: जे. जे.चे विद्यार्थी’, आणि तिसऱ्या ओळीत स्वतःचं नाव, इयत्ता आणि तुकडी.