तडा

वडिलांच्या १९६६ सालच्या फियाट ११०० चा एग्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला, तेव्हा मी एम. ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवत होतो. बीड तापते, निवते, पुन्हा तापते. कधीतरी ते हार मानतेच. दोनदा वेल्डिंग केले. दोन्ही वेळा शेजारीच नवा तडा गेला.

"सर, पायपाचा नवाच करू," मिस्त्री म्हणाले. मी अडखळलो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. शिवाय मूळ संहितेत स्वतःची ओळ घुसडणाऱ्या संपादकांना मी वर्षानुवर्षे नावे ठेवत आलो आहे.

तरी दिवाळीची सुटी त्यांच्या शेडमध्ये गेली. गॅस्केटवरून पुठ्ठ्याचा साचा, त्यावरून फ्लँज. इंजिनाचा ज्वलनक्रम १-३-४-२. लागोपाठ पाळी येणाऱ्या सिलिंडरांचा धूर एका नळीत सोडला, तर एक दुसऱ्याची वाट अडवतो. म्हणून १ व ४ एकत्र, २ व ३ एकत्र, पुढे दोहोंची मिळून एक. चारही नळ्या शक्यतो समान लांबीच्या हव्यात (मात्रा मोजण्याची सवय इथे उपयोगी पडली!), वळणे आधी तारेने वाकवून पाहिली. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकू नये म्हणून ती जाड पट्टीवर बोल्टने आवळली.

गाडी सुरू झाली. आवाज मोकळा, किंचित कोरडा. पूर्वी गाडी कोपऱ्यावर वळली, की आई चहाचे आधण ठेवी. त्या संध्याकाळी मी दारात येऊन हॉर्न वाजवला, तेव्हा तिने खिडकीतून विचारले, "कोण आलंय?"

तडकलेले बीड मी डिकीत ठेवले आहे.