शुक्रवारचं काम

आमच्या नगरच्या कबरस्तानात वरची दीड-दोन फूट जमीन काळी आहे, सहज निघते. खाली मुरूम लागला की फावडं बाजूला ठेवायचं आणि पहार घ्यायची. हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, २०२१च्या एप्रिलमध्ये.

त्याआधी माझा आणि चर्चचा संबंध नाताळच्या करंज्या आणि ईस्टरची सकाळ एवढाच उरला होता. घराणं मात्र जुनं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. पुढे त्याच मंडळीत आमचे पणजोबा आले. आजीला रेव्हरंड टिळकांची भजनं तोंडपाठ. भाकरी थापता थापता ती गायची, आणि थापटण्याचा ताल कधी चुकत नसे. मीही संडेस्कूलमध्ये घडाघडा वचनं म्हणून बक्षिसं मिळवली. मग एमआयडीसीत नोकरी, मध्ये सहा वर्षं दुबई, पुन्हा एमआयडीसी. माझा विश्वास उडाला, असं काही घडलं नव्हतं. लागत नाही म्हणून पितळी भांडी माळ्यावर जातात, तसा तोही गेला.

चाळिशीनंतर मात्र आतून रितं वाटायला लागलं. पगार वेळेवर होता, घराचे हप्ते फिटत होते. पण दुसरी पाळी संपवून रात्री परतताना मनात यायचं, उद्या मी नाही आलो तर मशीनवर दुसरा उभा राहील. मग आपण नेमके कशासाठी? हे कुणापाशी बोलण्यासारखंही नव्हतं. सगळं ठीक असलेल्या माणसाचं रडगाणं कोण ऐकणार?

त्या वर्षी उत्तम शुक्रवार २ एप्रिलला होता. उपासना मी मोबाइलवर ऐकली, तीही अर्धवट. दोन आठवड्यांनी पाळकसाहेबांचा फोन आला. “सलाम भाऊ. कबरी खणायला माणसं नाहीत. नेहमीचे दोघंही आजारी पडलेत. येशील का?”

मी गप्प. बायकोनं पलीकडून ऐकलं होतं. ती म्हणाली, “जा. पण आल्यावर अंघोळ अंगणातल्या नळावर करायची.”

आम्ही चौघं जमलो. एक रिक्षावाला, एक निवृत्त मास्तर, मी आणि सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळी मंडळी मामाच म्हणते. पहार धरायला मला मामांनी शिकवलं. “हाताच्या जोरानं मारू नको रे, खांदा जाईल. उचल आणि सोड. बाकीचं तिचं वजन करतंय.”

अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. आमच्याकडे वीस कधी जमलीच नाहीत. कधी दोघं यायचे. कधी अख्खं घर पॉझिटिव्ह, म्हणून कुणीच नाही. गाडी फाटकाशी लागायची. पीपीई किटमध्ये घामानं निथळत आम्ही दोरावर पेटी खाली सोडायचो. पाळकसाहेब मास्कमधूनच शास्त्रपाठ वाचायचे. मग मूठमातीची वेळ आली की मास्तर पुढे व्हायचे. “ही मुलाची. ही सुनेची. ही नातवाची.” जे येऊ शकले नव्हते, त्या प्रत्येकाच्या नावानं ते एकेक मूठ टाकायचे. एकदा एका बाईंच्या घरातलं कुणीच आलं नाही आणि माणसं किती तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मास्तर थोडं थांबले, म्हणाले, “ही सगळ्यांची,” आणि ओंजळ भरून माती टाकली.

देव हे का होऊ देतो, असं मी एका दुपारी पाळकसाहेबांना विचारलं. ते कडुनिंबाखाली किट उतरवत होते. “मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “चार वाजता आणखी एक गाडी येतेय.”

त्या उत्तराचा मला राग आला नाही. आजवर ऐकलेल्या प्रवचनांपेक्षा ते मला जास्त खरं वाटलं.

त्याच दिवसांत अरिमथाईकर योसेफ माझ्या मनात येऊन बसला. संडेस्कूलमध्ये त्याच्यावर फार तर एक प्रश्न यायचा. येशूचे बहुतेक शिष्य पांगले होते. अशा वेळी धर्मसभेचा हा श्रीमंत सभासद पिलाताकडे जातो, देह मागतो आणि तागाच्या वस्त्रात गुंडाळून नव्या कबरेत ठेवतो. निकदेम गंधरस आणि अगरू घेऊन येतो. सूर्य मावळला की शब्बाथ लागणार, म्हणून सगळी घाई. एवढं झालं की शुभवर्तमानांतून योसेफाचं नाव पुन्हा येत नाही.

लहानपणापासून मी ती गोष्ट शेवट ठाऊक असलेल्या माणसासारखी ऐकत आलो होतो. आपल्याला रविवार माहीत असतो. योसेफासाठी तो शुक्रवारच होता. ज्याच्यावर आशा ठेवली तो मेला होता, आणि आता बदल्यात काहीच मिळणार नव्हतं. तरी त्यानं देह उघड्यावर राहू दिला नाही. विश्वास म्हणजे उत्तर हाती असणं, अशी माझी समजूत होती. ते हाती नाही म्हणून मी बाजूला झालो होतो. योसेफाकडे तर काहीच नव्हतं. होता तो एक देह आणि मावळत आलेला दिवस.

एका संध्याकाळी पहार टेकवून मामा म्हणाले, “तुझ्या बापाची कबर पण मीच खणली होती. काय पाऊस होता! एकीकडून खणावं, तर दुसरीकडून पाणी भरतंय.”

वडील २०११च्या जुलैमध्ये गेले. मी दुबईत. तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा कबरीवरचा झेंडू चिखलात कालवला गेला होता. मी रडलो, फोटो काढला, परत गेलो. खणलं कुणी, हे विचारायचं मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं. मामांनीही कधी सांगितलं नव्हतं, आणि आताही पावसाची आठवण निघाली म्हणून सांगितलं. मी काही बोललो नाही. त्यांच्या हातातून पहार घेतली आणि उरलेला मुरूम फोडला.

‘कशासाठी’चं उत्तर मला त्या दिवशी मिळालं, असं म्हणणार नाही. पण तो प्रश्न रात्री घरी येताना भेटेनासा झाला. रविवारी मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागलो. आजीची भजनं आठवत गेली, आधी चाल, मग शब्द.

२०२२चा ईस्टर १७ एप्रिलला होता. पहाटेची उपासना कबरस्तानात झाली. टाळ, ढोलकी, मेणबत्त्या. उपासना संपल्यावर एक मुलगी कबरींमधून वाट काढत फिरताना दिसली. तिच्या हातात मेणबत्ती होती. मला म्हणाली, “काका, इथं कोणाला माहिती असेल? माझी आई गेल्या एप्रिलमध्ये... आम्ही सगळे दवाखान्यात होतो.”

तिनं नाव सांगितलं. ओंजळभर माती टाकली होती, त्याच बाई.

मी तिला तिसऱ्या ओळीत घेऊन गेलो. “डोकं या बाजूला आहे,” मी म्हणालो. “पाय पूर्वेला.” तिनं वाकून मेणबत्ती लावली. खणलं कुणी, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कोपऱ्यात मामा सतरंज्या गोळा करत होते, त्यांना हात द्यायला गेलो.