तास संपल्यानंतर

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वनस्पतिशास्त्रात आम्ही नऊ जण. तालुक्याचं कॉलेज, तिघांत एक मायक्रोस्कोप. सूर्यफुलाच्या खोडाचा काप माझ्याकडून नेहमी जाड निघायचा. सर मागे येऊन उभे राहायचे. "दाबू नको, ब्लेड ओढ," म्हणत माझं मनगट जरासं वळवायचे. कितव्या कापाला कोण जाणे, सॅफ्रानिनमध्ये बुडवलेली ती पातळ चकती भिंगाखाली सरकवली आणि लाल ठिपक्यांचं कडं लख्ख उजळलं. शिपायानं बाकीच्या खोल्यांना कुलपं लावली होती. तास केव्हाच संपला होता. सर होते.

पावसाळ्यात ते आम्हाला साताऱ्याहून एस.टी.नं कासच्या पठारावर न्यायचे. ओल्या कातळावर गुडघे टेकून वायतुऱ्याचा जोडतुरा दाखवायचे. १९८२ साली या वनस्पतीचं शास्त्रीय नामकरण झालं, 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस'. ते नाव सर असं उच्चारायचे, जणू घरच्याच कुणीतरी नाव काढलंय.

एम.एस्सी.ला विद्यापीठात गेले. तिथल्या हर्बेरियममधून पाय निघायचा नाही. ज्यांची नावं पुस्तकांवर वाचली होती ती माणसं जिन्यात दिसायची. पण शंका घेऊन दाराशी जावं, तर आत कधी व्हायवा, कधी समितीची बैठक. मी शंका वहीत लिहून ठेवू लागले. मग हळूहळू शंका येणंच कमी झालं. ते मला आजही लागतं.

परवा जुन्या कॉलेजात गेले. वर्ग अजून लहानच आहे, पण शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर. सकाळी इथे, दुपारी पलीकडच्या तालुक्यात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पूर्णवेळ शिक्षकानं रोज किमान ५ तास कॉलेजात उपलब्ध असावं, असं आहे. मॅडमना घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने थकून. मुलांच्या बाकाशी रेंगाळण्याचे कोण देणार? इतकी वर्षं मला वाटायचं, कॉलेज लहान म्हणून सर आम्हाला मिळाले. त्यांची नोकरी कायमची होती, संध्याकाळ मोकळी होती, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मॅडम पर्स खांद्याला लावून दारात पोचल्या, तेवढ्यात एक मुलगी स्लाइड घेऊन मागे धावली.

"मॅडम, जाड आलाय का?"

त्यांनी उभ्याउभ्याच स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली. "आलाय गं. ब्लेड ओढायचं, दाबायचं नाही," म्हणाल्या आणि फाट्याकडे पळाल्या.