खाडाखोड नसलेली वही

समुपदेशनाच्या एम.ए.ला आम्हा सगळ्यांना नकोसं वाटायचं ते व्हर्बेटिम लिहिणं. सेशन संपलं की समोरची व्यक्ती काय म्हणाली, आपण काय म्हणालो, मध्ये कोण किती वेळ गप्प बसलं, हे आठवून जसंच्या तसं उतरवायचं. शेजारच्या रकान्यात तेव्हा आपल्या मनात काय चाललं होतं ते लिहायचं आणि वही सुपरव्हायजर मॅडमकडे द्यायची. पाऊण तासाच्या सेशनपायी अख्खी रात्र जायची. माझी वही वर्गात नमुना म्हणून फिरायची. मोकळे प्रश्न, भावना ओळखून दिलेला प्रतिसाद, शेवटी सारांश, सगळं पाठ्यपुस्तकात असतं तसं. असणारच. मी ते दुरुस्त करून लिहीत होते.

“असं का केलंस तू?” असं मी फटकन विचारलेलं असायचं. वहीत त्याचं “तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?” व्हायचं. एखादा मुलगा रडायला लागला की घाबरून “अरे, होईल सगळं ठीक” म्हणून मी मोकळी व्हायचे. वहीत त्या जागी कंसात ‘शांतता’ असायची. याला मी खोटं म्हणत नव्हते. मला जे म्हणायचं होतं ते लिहिते आहे, अशी समजूत होती. शिवाय त्या वहीला गुण होते, आणि चुकलेलं उत्तर मुद्दाम दाखवून कुणाला गुण मिळाल्याचं बालवाडीपासून मी पाहिलं नव्हतं.

तासांचंही तसंच. प्रात्यक्षिकाचे ठरावीक तास भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे, आणि तास भरण्यात मी पटाईत होते. विभागाच्या विद्यार्थी समितीची मी प्रमुख. 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, आम्ही पथनाट्य बसवलं, पोस्टरं रंगवली, कॉलेजच्या फाटकाशी टेबल मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला पत्रकं वाटली. शनिवार-रविवार कार्यशाळा करून प्रमाणपत्रांची फाईल जाडजूड केली. हे सगळे तास ‘सहभाग’ या नावाखाली नोंदवहीत चढले. पथनाट्यात मी डिप्रेशन झाले होते, काळी ओढणी पांघरून. टाळ्या भरपूर पडल्या.

अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणारी कॅक्रेप नावाची संस्था आहे, तिच्या नियमांत हा घोटाळा होऊ नये याची सोय आहे. प्रॅक्टिकमचे किमान 100 तास, त्यांतले 40 प्रत्यक्ष माणसासमोर बसून. नंतर इंटर्नशिपचे 600, त्यांतले 240 प्रत्यक्ष. शिवाय दर आठवड्याला सुपरव्हिजन. बाकीचे तास नोंदी, बैठका, कार्यक्रम यांत घाला, पण त्या 40 ची जागा पोस्टर घेऊ शकत नाही. आमच्या नोंदवहीत मात्र सगळ्याला एकच रकाना होता आणि तो एकच आहे याचा मला आनंदच होता. कारण खरं सांगायचं तर माणसासमोर बसायला मी घाबरायचे.

बसावं लागलंच तेव्हा बोलून वेळ मारून नेली. एका मोफत केंद्रात एक बाई आल्या होत्या, सासूने पाहुण्यांसमोर अपमान केला म्हणून. किशोर फडके यांच्यामुळे महाराष्ट्रात रुजलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत आम्ही तेव्हा नुकतीच शिकलो होतो. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी त्यातला ‘च’ पकडला, “‘सगळ्यांनी मान दिलाच पाहिजे’ असा हट्ट आहे का तुमचा?” बाई म्हणाल्या, “हट्ट नाही हो, मला फक्त सांगायचं होतं.” त्या पुन्हा आल्या नाहीत. वहीत मी लिहिलं, ‘क्लायंटमध्ये प्रेरणेचा अभाव.’

दुसऱ्या वर्षी प्लेसमेंट मिळाली ती एका शाळेत. खेळाच्या सामानाची खोली, कॅरमचे बोर्ड भिंतीला टेकवलेले, मधल्या जागेत दोन खुर्च्या. वर्गशिक्षिका मुलांना “जा, ताईंकडे जा, त्या समजावतील तुला” म्हणून पाठवायच्या. म्हणजे मुलांच्या लेखी ती शिक्षाच. खुर्चीत बसल्या बसल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “बाईंना सांगणार का?”

या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ होतं. गोपनीयता असते, पण तिला मर्यादा असतात. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर ते आपल्यापाशी ठेवता येत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती ज्याला मिळाली त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. तो शिक्षक असो, समुपदेशक असो की शेजारी. न कळवणं हाच गुन्हा. आणि हे मुलाला पहिल्याच भेटीत, त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं. परीक्षेत यावर मी दीड पान लिहिलं होतं.

पण समोरचं मूल गप्प बसलेलं असताना हे सांगितलं की ते आणखी गप्प होतं, असा माझा अनुभव. म्हणजे एकदा तसं झालं आणि मी धसका घेतला. त्यानंतर मी सरळ म्हणू लागले, “नाही गं, इथलं काहीच बाहेर जाणार नाही.” मुलं मोकळी व्हायची. मला वाटायचं, जमायला लागलं आपल्याला. आणि रात्री वहीत मी दीड पानातलं ते मर्यादांचं वाक्य सुबक अक्षरात लिहायचे.

एक मुलगी काही आठवडे येत होती. अभ्यासात लक्ष नाही म्हणून पाठवलेली. एका दुपारी, मधली सुट्टी संपता संपता, घरातल्या एका मोठ्या माणसाबद्दल तिने दोन वाक्यं सांगितली. तेवढी पुरेशी होती. मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं, आणि मी मान हलवून “पुढच्या वेळी बोलू” म्हणून तिला वर्गात पाठवलं. संध्याकाळभर कुणालाही फोन केला नाही. हे सगळ्यांत वाईट. त्या रात्री ती त्याच घरात होती.

सकाळी मॅडमना सांगितलं. त्यांनी आधी मुख्याध्यापकांना फोन लावला आणि मला घेऊन तडक शाळेत आल्या. मुलीशी त्या बोलल्या, मी बाजूला. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही तर म्हणाला होतात कुणाला कळणार नाही.” मॅडमनी पिशवीतून माझी वही काढली. पहिल्या भेटीची नोंद उघडली. “इथे तर तू हिला सगळं नीट सांगितलंयस,” त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. मी मुलीला म्हटलं, “मी तुला जे सांगितलं ते चुकीचं होतं. तसं सांगायचा मला अधिकार नव्हता.” तिने विचारलं, “आता आईला कळणार?” त्याचं उत्तर मॅडमनी दिलं. पुढचं काम, पोलिसांत कळवणं, आईला बोलावणं, त्यांनी आणि शाळेने केलं. मुलीला दुसऱ्या समुपदेशक मिळाल्या. मला त्या शाळेतून काढलं, ते योग्यच होतं.

मॅडम ओरडतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी वही परत दिली आणि सांगितलं, “प्रत्येक ओळीखाली लाल पेनाने लिही, खरं काय बोललीस ते. आठवत नसेल तिथे रिकामं सोड, भरू नकोस.” मग म्हणाल्या, “तुझ्या चुका बघायचाच मला पगार मिळतो गं. तू वर्षभर मला कामच दिलं नाहीस.” पहिल्या भेटीतलं ते वाक्य मी खरं लिहिलं असतं तर पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला परत पाठवून ते मुलीसमोर दुरुस्त करून घेतलं असतं. गुण कापले गेले असते, बस.

त्या सुट्टीत कार्ल रॉजर्स यांचं 1942 चं पुस्तक वाचलं. त्यात एका केसची सगळी सेशन्स छापली आहेत, तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केलेली, शब्दन् शब्द. समुपदेशक कुठे घसरला तेही रॉजर्सनी तळटिपांत दाखवलं आहे. परीक्षेसाठी मी याच पुस्तकाच्या नोट्स काढल्या होत्या, त्यात तळटिपा नव्हत्या.

आता मीच विद्यार्थ्यांची सुपरव्हिजन करते. ज्यांची परवानगी मिळते त्या सेशन्सचं रेकॉर्डिंग ऐकतो. मिळत नाही तिथे वही. आणि वहीत आपलं सगळ्यात फसलेलं वाक्य लाल पेनाने अधोरेखित करूनच आणायचं. मागच्या महिन्यात एका मुलाने अधोरेखित काहीच न आणता सुंदर वही समोर ठेवली. मी ती परत दिली. तो म्हणाला, “मॅडम, पण मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘कौशल्यांचा अचूक वापर’ याला दहापैकी गुण आहेत ना?” आहेत. तो रकाना बदलावा म्हणून आम्ही दोघीतिघींनी अभ्यास मंडळाला पत्र दिलंय. पुढच्या बैठकीत विषय घेऊ असं उत्तर आलं आहे. तोवर त्या रकान्यात मी सगळ्यांना सारखेच गुण देते.