दुमडलेल्या कानांची किंमत

बर्फी घरी आली तेव्हा तीन महिन्यांची होती. गोल चेहरा, टपोरे डोळे आणि डोक्याला चिकटलेले, पुढे दुमडलेले इवलेसे कान. जात स्कॉटिश फोल्ड. मोबाइलवर या मांजरांचे व्हिडिओ बघून बघून मी वेडी झाले होते. वर्षभर पगारातून पैसे बाजूला टाकले आणि ४५ हजार रुपये मोजून तिला आणलं. किंमत ऐकून आजी म्हणाली, "अगं, एवढ्यात दुभती गाय आली असती!"

विक्रेत्याकडे बर्फीचा एक भाऊही होता. त्याचे कान सरळ, नेहमीच्या मांजरासारखे. तो निम्म्या किमतीत मिळत होता. "हा साधा निघाला," विक्रेता म्हणाला. मी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

एवढी महागडी मांजर म्हटल्यावर बाबांनी विम्याचा लकडा लावला. "स्कूटरचा विमा काढतेस, मग हिचा का नाही?" मांजरांचाही विमा आपल्याकडे मिळतो, हे मला तेव्हाच कळलं. लसीकरणाची नोंद, पशुवैद्यांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, फोटो आणि ओळख पटवणारी मायक्रोचिप, एवढं सगळं गोळा केलं. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. इंजेक्शनसारख्या सुईने ती मानेमागे, खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवतात आणि तिच्यावर १५ अंकी क्रमांक असतो. हप्ता भरला, पॉलिसीची फाइल ई-मेलवर आली आणि मी ती न उघडता जपून ठेवली.

काही महिन्यांतच विम्याचा उपयोग झाला. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा बर्फीने गिळला. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे दोरा एकदा तोंडात गेला की थुंकणं त्याला जमत नाही. दोऱ्याचं टोक तोंडातून लोंबत होतं. मी ते ओढणार, तेवढ्यात फोनवर डॉक्टर ओरडले, "ओढू नका, आतडं कापलं जाईल!" शस्त्रक्रिया झाली, बर्फी वाचली आणि बिलाचा बराचसा भाग विम्यातून परत मिळाला. बाबा आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होते.

ती दीड वर्षाची झाली तेव्हा आईने एक दिवस विचारलं, "अगं, हिची शेपटी अशी काठीसारखी का लागते हाताला?" मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. बर्फी खिडकीवर उडी मारायची बंद झाली होती. सोफ्यावर चढतानाही आधी थांबून अंदाज घ्यायची. मागचे पाय पुढे पसरून, पाठ टेकून, माणसासारखी बसायची. त्या बसण्याचे कितीतरी फोटो मी टाकले होते. लोक म्हणायचे, "अगदी ध्यानाला बसलीय!"

डॉक्टरांनी मागच्या पायांचा एक्स-रे काढला. सांध्यांभोवती नको तिथे हाड वाढलेलं होतं. ती तशी बसत होती, कारण दुखऱ्या पायांवर भार नको होता.

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी आजही विसरू शकत नाही. स्कॉटिश फोल्डचे कान दुमडतात ते एका जनुकातल्या दोषामुळे. या दोषाने कूर्चा, म्हणजे कानाला ताठ ठेवणारा आणि सांध्यांना गादीसारखा जपणारा मऊ भाग, नीट तयार होत नाही. कूर्चा फक्त कानात नसते, ती सगळ्या शरीरात असते. म्हणजे दुमडलेला कान हा वेगळा 'लूक' नाही, ते आजाराचं बाहेर दिसणारं लक्षण आहे. काहींना त्रास कमी होतो, काहींना फार. पण ज्या मांजराचे कान या जनुकामुळे दुमडले, त्याच्या सांध्यांत हा दोष असतोच. सरळ कानांच्या भावंडांकडे हे जनुक नसतं.

या जातीची सुरुवात १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या सुझी नावाच्या पांढऱ्या मांजरीपासून झाली. ब्रिटनच्या मुख्य मांजर-नोंदणी संस्थेने सत्तरच्या दशकातच या जातीची नोंदणी थांबवली. नेदरलँड्समध्ये तर तिच्या पैदाशीवर बंदी आहे. ही माहिती बर्फीला आणण्याआधीही माझ्या हातातल्या मोबाइलवर होती. मी फक्त व्हिडिओ पाहिले.

एक्स-रे आणि औषधांचा दावा विमा कंपनीने नाकारला. कारण दिलं, 'आनुवंशिक आजार'. मी रागाने लांबलचक ई-मेल लिहायला घेतला आणि पुरावा म्हणून पहिल्यांदाच पॉलिसी उघडली. 'वगळलेल्या बाबी' या मथळ्याखाली जन्मजात आणि आनुवंशिक आजार स्पष्ट लिहिलेले होते. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं तपासणं हे माझं काम, आणि स्वतःच्या पॉलिसीची बारा पानं मी वाचली नव्हती. ई-मेल पुसून टाकला. ज्या दोषासाठी मी दुप्पट पैसे मोजले होते, त्याचाच खर्च कंपनी देणार नव्हती. तिचं चुकलं असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

हा आजार बरा होत नाही, पण त्रास कमी करता येतो. बर्फीचं वजन वाढू देत नाही, कारण प्रत्येक जास्तीच्या ग्रॅमचा भार सांध्यांवर येतो. बाबांनी खिडकीपर्यंत लाकडी उतार बनवला आणि त्यावर जुनी सतरंजी ठोकली. शी-शूच्या ट्रेची कड एका बाजूने कापून खाली घेतली. वेदनाशामक औषध फक्त डॉक्टर देतात तेच, आणि ठरावीक काळाने मूत्रपिंडाची रक्ततपासणी. आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, अर्धीसुद्धा जीव घेऊ शकते.

मध्यंतरी ओळखीतल्या एका काकूंनी सुचवलं, "हिची पिल्लं घे ना, सगळा खर्च निघून येईल." हिशेब खरा होता. औषधांची बिलं समोर होती, रात्रभर विचार केला. सकाळी बर्फी उतारावरून थांबत थांबत खिडकीशी जाताना दिसली आणि त्याच आठवड्यात मी तिची नसबंदी करून घेतली. हा खर्चही विम्यात बसत नव्हता.

तुम्ही एखादी दुर्मीळ जातीची मांजर आणणार असाल, तर तिच्या जातीचा आनुवंशिक आजार कोणता, हे आधी पशुवैद्यांना विचारा. मग हप्ता भरण्यापूर्वी पॉलिसीतल्या वगळलेल्या बाबी वाचा. दोन्हीकडे एकच नाव दिसलं, तर तो खर्च जन्मभर आपल्याच खिशातून जाणार, हे धरून चाला. आणि त्याहून आधी स्वतःला विचारा, तिचं जे रूप आवडलंय, त्याची किंमत तिला तर मोजावी लागत नाही ना?

विम्याचं मी दर वर्षी नूतनीकरण करते. दोरा पुन्हा गिळला जाऊ शकतो. वेदनांच्या औषधासाठी मात्र वेगळं खातं उघडलंय, दर महिन्याला त्यात थोडे पैसे टाकते. आजीही तिच्या पेन्शनमधून शंभर रुपये देते. "गाय नाही तर नाही," ती म्हणते, "घरात आलीय ना, मग ती आपलीच."